सोपानतात्यांची देवी

आठव्या दिवशी सोपानतात्या आले नाहीत.

मी सकाळी नऊपासून त्यांच्या केसपेपरवर डोळा ठेवून होतो. अकरा वाजता आमचे सर्जन डॉ. ठोंबरे ओपीडीतून लॅबच्या दारात आले.

"वासुदेव, घोडेगावचा पेशंट कुठंय?"

"येतील, साहेब. एसटी चुकली असेल."

"औरंगाबाद रोडला एसटीला तोटा नाही. अशा किती चुकवणार तो?"

बाराच्या सुमारास घोडेगावचा एक माणूस बायकोचा एक्स-रे काढायला आला. त्याच्याकडे निरोप होता. "तात्या न्हाई यायचं. तात्याला देवी आल्यात. नऊ दिस घराबाहेर पडायचं न्हाई, सुई लावून घ्यायची न्हाई, असं कारभारनीनं सांगितलंय."

सिस्टर रूथनी हातातला ट्रे खाली ठेवला. त्या काळात देवीचा रोग अजून संपलेला नव्हता. एखादा संशयित पेशंट सापडला तर ताबडतोब आरोग्य खात्याला कळवावं लागे. मग गावात माणसं जाणार, घर वेगळं पाडणार, सगळ्या गावाला टोचणार.

"देवी नाहीत," साहेब शांतपणे म्हणाले. "त्याच्या दोन्ही दंडांवर टोचल्याचे वण आहेत. मी स्वतः पाहिलेत." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण त्याच्या डोक्यात देवी हा शब्द घातला कुणी?"

घालणारा मीच होतो.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. सोपानतात्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले दलाल. घरची शेती होती, पण जीव बाजारात. त्यांच्या टाचेखाली एक काळा डाग उठला. त्यांना वाटलं कुरूप आहे. गावच्या न्हाव्याकडून दोन वर्षं ते वस्तऱ्यानं तासून घेत राहिले. आमच्याकडे आले तेव्हा डाग रुपयाएवढा झाला होता. तो मेलॅनोमा निघाला. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर, आणि फार चपळ. साहेबांनी टाचेचा तेवढा भाग काढला. चार महिन्यांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाच गाठी उगवल्या. जांभळाच्या बीएवढ्या, काळपट, टणक.

साहेबांनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना पत्र टाकलं. उत्तर आलं, पाय मांडीपासून काढा.

तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डाक्टर, जनावर घ्यायचं म्हंजी त्याला चालवून बघावं लागतं. आन त्याच्या मागं आपुन चालावं लागतं. पाय गेल्यावर मी काय बाजारात खुर्ची टाकून बसू?"

तेव्हा साहेबांनी दुसरा रस्ता काढला. परदेशी मासिकांत त्यांनी वाचलं होतं की काही डॉक्टर अशा गाठींमध्ये बीसीजीची लस टोचतात. बीसीजी म्हणजे क्षयरोगाचा दुबळा केलेला जंतू. लहान मुलांना टोचतात तोच. साहेबांनी तात्यांपासून काहीही लपवलं नाही. "हे मी आजवर केलेलं नाही. चालेल की नाही, सांगता येत नाही. नाही चाललं तर पाय काढायचा रस्ता आहेच. पण फार दिवस थांबता येणार नाही." तात्या म्हणाले, "करा."

यात माझं काम दोन ठिकाणी होतं. पहिलं काम टेस्टचं. हाताच्या पुढच्या भागावर कातडीत क्षयाच्या जंतूच्या अर्काचा एक थेंब सोडायचा आणि तीन दिवसांनी तिथली टणक सूज पट्टीनं मोजायची. याला मांटू टेस्ट म्हणतात. सूज चांगली आली तर समजायचं, शरीराला क्षयाचा जंतू ओळखीचा आहे. ओळख असेल तरच हा उपचार चालण्याची आशा. तात्यांची सूज भरघोस आली. मी तीन वेळा मोजली. साहेबांनी चौथ्यांदा मोजली आणि माझाच आकडा कायम केला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दुसरं काम लस सांभाळायचं. तिला ऊन चालत नाही, उजेडही चालत नाही. बर्फाच्या थर्मासात, काळ्या कापडात गुंडाळून ठेवायची, आणि एकदा कालवली की काही तासांतच वापरायची. मी दर अर्ध्या तासानं बर्फ बघायचो. सिस्टर रूथ म्हणायच्या, "वासू, थर्मास सारखा उघडलास तर बर्फ तुझ्यामुळंच वितळेल."

माझा स्वभावच तसा होता. मी मूळचा कोकणातला, राजापूरच्या बाजूचा. सातवीनंतर शाळा सुटली. एक चुलतभाऊ भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये होता, त्याच्यामागून नगरला आलो. आमच्या इस्पितळात बाटल्या धुवायला लागलो. साहेबांनी मला बाटल्यांपासून मायक्रोस्कोपपर्यंत आणलं. कागदावर माझ्याकडे काहीही नव्हतं. ना सर्टिफिकेट, ना डिप्लोमा. होता तो साहेबांचा विश्वास, आणि तो आपल्या हातून फुटू नये याची धास्ती मला कायम असायची.

पाचपैकी खालच्या तीन गाठींत साहेबांनी लस टोचली. वरच्या दोन मुद्दाम सोडल्या. नंतर मला म्हणाले, "त्यांना नीट समजावून सांग. ताप येईल, गाठीवर फोड येऊन फुटेल, घाबरायचं नाही. आठव्या दिवशी यायचं. त्यांच्या भाषेत सांग."

साहेबांना वाटायचं मला त्यांची भाषा येते. मला नगरची भाषा ऐकून ऐकून कळायला लागली होती, एवढंच. तात्यांनी विचारलं, "हे टोचलं काय म्हनायचं?" मी क्षणभर शोधलं आणि म्हणालो, "देवी टोचतात ना, तसंच. ताप येईल, फोड येतील."

"आस्सं व्हय," तात्या म्हणाले. त्यांना पटलं. किती सोप्या शब्दांत सांगितलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

आता साहेबांपुढे मी हे सगळं शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"'तसंच' हा शब्द त्यांनी वेशीवर टाकला आणि 'देवी' घरी नेली," ते म्हणाले. मग निरोप आणणाऱ्याकडे वळले. "ताप अजून आहे का?"

"उतरला हुता की. परवापास्नं पुन्ना चढलाय."

साहेबांचा चेहरा बदलला. ते पुढं जे म्हणाले ते समजायला ताप कुठून येतो हे माहीत हवं. त्यांनी मला ते आधी कधीतरी पाटीवर काढून दाखवलं होतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. कॅन्सरची पेशी घरातलीच, बिघडलेली, म्हणून राखणदार तिला ओळखत नाहीत. क्षयाचा जंतू मात्र ते ओळखतात. तो गाठीत सोडला की ते धावून येतात, आणि येताना काही द्रव्यं सोडतात. ही द्रव्यं म्हणजे निरोप. एक निरोप दुसऱ्या पेशींना बोलावतो, एक त्यांना मारायला तयार करतो, एक मेंदूपर्यंत जाऊन ताप आणतो. ही द्रव्यं म्हणजे प्रथिनं. आज त्यांना सायटोकाईन म्हणतात, आणि त्यांची यादी माझ्या नातीच्या पुस्तकात दोन पानं भरून आहे. तेव्हा साहेबांकडे दोनतीनच नावं होती. इंटरफेरॉन हे त्यातलं एक, आणि तेही परदेशी प्रयोगशाळांत थेंबाथेंबानं काढत. साहेब म्हणायचे, "पहिल्या दोन दिवसांचा ताप हा बिघाड नव्हे. निरोप गेल्याची पोचपावती आहे."

पण हा ताप दुसऱ्यांदा चढलेला होता. "हा निरोपाचा नसू शकतो," साहेब म्हणाले. "कदाचित जंतूच अंगात पसरतोय. तसं असेल तर क्षयाच्या गोळ्या आजच सुरू व्हायला हव्यात. लिव्हरवर गेलं तर पाय राहील आणि माणूस जाईल. तू जा."

"मी? साहेब, तुम्ही आलात तर…"

"मला दोन ऑपरेशनं आहेत. आणि शब्द तुझा आहे."

सिस्टर रूथनी गोळ्या आणि थर्मामीटर माझ्या पिशवीत घातले. "भांडू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि देवीला नावं ठेवू नकोस. मी चर्चला जाते, तरी मीसुद्धा ठेवणार नाही."

एसटीत मला बसायला जागा मिळाली, पण मी उभाच होतो. वाटेत दोनदा थर्मामीटर शाबूत आहे का पाहिलं. माणूस गेला तर नोकरी जाईल, हा विचार आधी आला. मग लाज वाटली की तो आधी आला.

घोडेगावात तात्यांचं घर शोधावं लागलं नाही. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला. दुपारची वेळ, पण घरातून फोडणीचा वास नाही. देवी घरात असल्या की फोडणी द्यायची नाही, हे आमच्याकडेही आहे. तात्यांच्या कारभारीण गयाबाई उंबऱ्यात बसलेल्या. माझी पिशवी पाहून शेजारची एक बाई म्हणाली, "गया, देवी डाक्टर आलं गं." गावोगाव लस टोचत फिरणाऱ्याला तेव्हा देवी डॉक्टर म्हणत.

"सुई असंल तर तिकडंच थांबायचं, भाऊ," गयाबाई म्हणाल्या.

"सुई आणलीच नाही, मावशी." मी चपला काढल्या, पाय धुतले. "नुसतं बघतो. हात लावू नका म्हणाल तर लावत नाही."

त्यांनी पिशवी उघडून स्वतः पाहिली. मग आत सोडलं.

तात्या निंबाच्या पाल्यावर पडलेले. डोळे तांबारलेले, पण शुद्धीवर होते. "आलास का कोकन्या," ते म्हणाले. "तुझी देवी लई कडक हाय."

ताप एकशे दोनच्या वर होता. मी तोंड पाहिलं, तळहात पाहिले, पाठ पाहिली. कुठं फोड नाही. जे काही होतं ते फक्त त्या एका पायावर.

"मावशी, देवी तोंडावर येतात, हातावर येतात. तात्यांच्या तोंडावर एक तरी फोड आहे का?"

"दया केली तिनं. पायावरच थांबली."

मी खाली बसलो. वाटेत मनात जुळवलेलं सगळं विसरलो आणि जे खरं होतं ते म्हणालो. "मावशी, ही देवी नाही. मीच चुकीचं बोललो. मला नीट सांगता येईना, म्हणून जवळचा शब्द दिला. चूक माझी आहे, डॉक्टरांची नाही."

गयाबाईंच्या आधी तात्याच म्हणाले, "चुकीचं कसं? हे बघ की." त्यांनी पायावरचं धोतर बाजूला सारलं.

खालच्या तिन्ही गाठी फुटून वाळायला लागल्या होत्या. ते अपेक्षित होतं. पण वरच्या दोन, ज्यांना आम्ही सुई लावलीच नव्हती, त्यांच्याभोवती लाल कडं उठलं होतं. त्यातली एक तर बसली होती. बोट फिरवलं तर जेमतेम लागावी एवढी. मी पट्टी काढली. पहिला आकडा खोटा वाटला म्हणून पुन्हा मोजलं.

"वरच्यांना तुमी हात बी लावला न्हवता," तात्या म्हणाले. "मग देवी न्हाई तर त्यांना कुनी सांगितलं?"

हा प्रश्न त्या वेळी जगात भल्याभल्यांना पडलेला होता. मी तात्यांना राखणदारांची गोष्ट सांगितली. खाली गडबड झाली, राखणदार जमले, त्यांनी निरोप सोडले, ते रक्तातून फिरले, आणि वरच्या गाठीत गेलेल्यांना कळलं की ही आपली नव्हे.

"बोलून सांगितलं?"

"नाही. आवाज नाही काही नाही. एकानं सोडायचं, दुसऱ्यानं आपल्या अंगावर झेलायचं. तिसऱ्याला पत्ता नाही."

तात्यांनी उशाचा रुमाल ओढला, माझ्या हातावर टाकला आणि रुमालाखाली माझी तीन बोटं दाबली. जनावरांच्या बाजारात सौदा असाच होतो. भोवती शंभर माणसं उभी असतात, पण भाव दोघांच्या बोटांतच राहतो.

"असं?"

"असंच," म्हणालो आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे अगदी असंच नाही, तात्या. पण बरंचसं."

गयाबाई पहिल्यांदा हसल्या. "आता सावध झालं बघा." मग त्या गंभीर झाल्या. "हे मला कळतंय, भाऊ. दलालाच्या घरात नांदलेय मी. पर नाव घेऊन बोलावली म्हंजी ती आल्याबिगर ऱ्हात न्हाई. आज आठ दिस तिचं सोवळं पाळतोय. आता न्हवतीच म्हनून उठून मोटारीत बसायचं? तिला काय सांगायचं?"

"निरोप द्यायचा?"

"नवव्या दिशी देत्यात. आज आठवा."

एक दिवस. साहेब म्हणाले होते, आजच. मी त्यांना तापाचं सांगितलं. पहिला ताप कशाचा, हा कशाचा असू शकतो, आणि उद्यापर्यंत थांबलो तर काय होऊ शकतं. लिव्हरचंही सांगितलं. काही मागं ठेवलं नाही. गयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना पटत होतं, पण वाट सापडत नव्हती.

तेव्हा मला आमच्या गावची वाट आठवली. कोकणात काही बिनसलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. हात जोडून, मोठ्यानं, सगळ्यांसमोर आपलं म्हणणं मांडायचं, आणि भोवतीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी ते वडिलांच्या मागं उभं राहून ऐकलं होतं, घातलं कधीच नव्हतं.

"मावशी, बोलावणारा मी. मीच तिला सांगतो. चालेल?"

त्यांनी विचार केला. "तुमच्यात कसं करत्यात ते करा."

मी दाराच्या निंबापुढे उभा राहिलो. हात जोडले. चुलतभावाची बदली झाल्यापासून घरची भाषा चार वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो, ती आपोआप आली. "गे आई माते म्हाराजा. ह्या घरात तुझा नाव माझ्या तोंडातसून चुकान गेला म्हाराजा. लेकराची चूक पोटात घाल. तू आपल्या जाग्यार सुखान ऱ्हव, आणि ह्या मानसाक डाक्टराकडे जावची वाट मोकळी करून दी म्हाराजा."

सगळे गप्प. त्यांना पद्धत माहीत नव्हती. मग आतून तात्यांचा आवाज आला. "व्हय."

गयाबाईंनी तांब्याभर पाणी उंबऱ्यावर ओतलं, डहाळा सोडला आणि पदर खोचला. "गोळी द्या," म्हणाल्या.

पहिली गोळी तिथंच दिली. एसटीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. बाजारातून दोन बैल घेऊन नगरकडे एक ट्रक निघाला होता, त्याच्या केबिनमध्ये तात्यांना बसवलं. वाटेत बैल पाय आपटत होते आणि तात्या तापात मला सांगत होते की त्यातला डावा बैल उद्या लंगडणार.

साहेब ऑपरेशन आटोपून पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी लिव्हर चाचपलं, रक्त काढायला सांगितलं, मग पाय पाहिला. वरच्या दोन गाठींवर त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं.

"मोजलंस?"

"दोनदा."

"आकडा सांग." मी सांगितला. त्यांनी पट्टी मागितली नाही.

ताप सहाव्या दिवशी उतरला. गोळ्या पुढे बरेच महिने चालू राहिल्या. लसीचा दुसरा डोस साहेबांनी थोडा कमी करून एका महिन्यानंतर दिला. पावसाळा संपेपर्यंत पाचही गाठी बसल्या, त्यांच्या जागी पांढरट डाग राहिले. तात्यांचा पाय राहिला. ते पुढे सात वर्षं बाजारात जनावरांच्या मागं चालले आणि गेले ते म्हातारपणाच्या न्यूमोनियानं.

हे सगळ्यांच्या बाबतीत झालं नाही, हेही सांगायला हवं. त्यानंतर आणखी दोघांना साहेबांनी हाच उपचार दिला. एकाच्या गाठी जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्याची मांटूच कोरी आली होती, तरी त्याच्या आग्रहामुळं केला आणि वाया गेला. नंतर मेलॅनोमासाठी बीसीजी मागं पडलं. मूत्राशयाच्या कॅन्सरला ते आजही देतात. आणि ज्या निरोपांची आम्ही नुसती पोचपावती वाचत होतो, ते निरोपच पुढे औषध म्हणून बाटलीत आले. मी निवृत्त व्हायच्या आधी इंटरफेरॉनची एक बाटली हातात धरली. बर्फातच ठेवावी लागायची.

माझी नोकरी गेली नाही. साहेब रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त लॅबच्या रजिस्टरमध्ये पट्टीनं एक नवा रकाना आखला. औषध, बॅच, डोस, टोचल्याची जागा, आणि त्यापुढे 'रोग्यास काय सांगितले'. म्हणाले, "डोस चुकला तर मला रजिस्टरमध्ये सापडतो. शब्द चुकला तर घोडेगावला जावं लागतं."

त्या रकान्यातली पहिली नोंद सोपानतात्यांच्या दुसऱ्या डोसाची आहे, माझ्या अक्षरात. 'ताप येईल, फोड येतील असे सांगितले. कशासारखे, ते सांगितले नाही.'